विज्ञानाची पत्रपेटी : नाशिकमध्ये पाणी किती अंशांवर उकळते?

शालेय विज्ञानाविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण ते एका विद्यार्थिनीचे आहे आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

प्रश्न : मी दहावीत शिकते. ‘उष्णता’ या पाठातील प्रयोगात आम्ही बर्फ तापवला आणि दर मिनिटाला तापमान लिहिले. आमच्या गटाचे पाणी ९८ अंशांवर उकळू लागले आणि तापमान पुढे वाढेना. जर्नल तपासताना ‘पुस्तकात १०० आहे, तोंडी परीक्षेतही १०० च विचारतील’ असे सांगून आम्हाला ९८ खोडून १०० लिहायला लावले. आमचे काय चुकले? (एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक)

उत्तर : तुझ्या गटाचे काहीही चुकलेले नाही. उलट नाशिकमध्ये तुम्हाला नेमके १०० हे वाचन मिळाले असते, तर मी आधी तापमापी तपासायला सांगितली असती.

पाणी तापू लागले की त्याच्या बाष्पाचा दाब वाढत जातो आणि तो दाब पाण्यावर असलेल्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटातही वाफेचे बुडबुडे तयार होऊन टिकू लागतात. यालाच आपण उकळणे म्हणतो. म्हणजे उत्कलनाचे तापमान एकट्या पाण्यावर ठरत नाही, वरच्या हवेवरही ठरते. पुस्तकातले १०० अंश सेल्सिअस हे प्रमाण वातावरणीय दाबाला, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाला लागू आहेत, आणि तेवढा दाब साधारणपणे समुद्रसपाटीला असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डोक्यावरची हवा तेवढ्याने कमी झाल्यामुळे येथील दाब सुमारे ७१० मिलिमीटर भरतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर चढले की उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. शाळेची सहल कधी कळसूबाईला गेली, तर १६४६ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर पाणी किती अंशांवर उकळेल, हे आदल्या दिवशीच काढून वहीत लिहून ठेव. माझे उत्तर साडेचौऱ्याण्णवच्या जवळपास येते. तुझे वेगळे आले तर मला कळव.

आता शंकेखोराची बाजूही पाहू, कारण तुझ्या बाई ती घेऊ शकतात. ‘तुमची तापमापीच दोन अंश कमी दाखवत नसेल कशावरून?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वादाने देता येत नाही, बर्फाने देता येते. वितळणाऱ्या बर्फाच्या चुऱ्यात तीच तापमापी बुडवून पाहा. तेथे ती शून्य दाखवत असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवायला बराच आधार मिळतो, कारण दाबातल्या एवढ्याशा फरकाने बर्फाचा द्रवणांक हलत नाही. तुमचा प्रयोग बर्फापासूनच सुरू झाला होता, म्हणजे ही नोंद तुमच्या वहीत बहुधा आधीपासूनच असेल. तापमापीचा फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकलेला नव्हता ना, तेवढे मात्र आठवून पाहा; टेकला असता तर वाचन कमी नव्हे, अधिक आले असते.

येथे एक फसवी जागा आहे, ती सांगून ठेवतो. मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर नाशिकचा दाब पाहिलास, तर तेथे १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतकाच, आकडा दिसेल आणि तुझा सगळा हिशेब कोसळल्यासारखा वाटेल. हवामानाच्या वृत्तात दाब दिला जातो तो समुद्रसपाटीला ‘उतरवून’, म्हणजे सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून उंचीचा परिणाम हिशेबातून काढून टाकलेला. नाशिकच्या रस्त्यावर प्रत्यक्षात असलेला दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो. आकडा खरा असला तरी तो कशाचा आहे हे विचारावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गासाठी सापडलेले नाही.

जर्नलमध्ये निरीक्षणाच्या रकान्यात ९८ च लिही. निष्कर्षाखाली एक ओळ जोड : ‘प्रमाण वातावरणीय दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस असतो, नाशिकच्या उंचीमुळे येथील दाब कमी असल्याने तो सुमारे ९८ अंश मिळाला.’ तोंडी परीक्षेत हेच वाक्य सांग. पुस्तक आणि निरीक्षण दोन्ही त्यात बरोबर ठरतात, आणि बाईंनाही माघार घेतल्यासारखे वाटणार नाही.

एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही मुलांना १०० च लिहायला लावत असे. एकदा एकाच वर्गातल्या आठ गटांचे वाचन ९७ ते ९९ च्या दरम्यान आले, तेव्हा आठही तापमाप्या एकाच दिशेने कशा बिघडतील, असा विचार प्रथम मनात आला. त्याआधी किती मुलांची बरोबर वाचने मी खोडायला लावली असतील, याचा हिशेब माझ्याकडे नाही. आणि खरे पाहता त्या प्रयोगाचे मर्म ९८ मध्येही नाही आणि १०० मध्येही नाही. आलेखात दोन ठिकाणी रेघ आडवी होते, खाली ज्योत चालू असूनही तापमान वाढत नाही, हे मर्म आहे. ती उष्णता अवस्था बदलण्यात खर्च होते : एक ग्रॅम बर्फाचे पाणी होताना ८० कॅलरी आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ५४० कॅलरी. वरची आडवी रेघ खालच्या रेघेपेक्षा इतकी लांब का असते, ते या दोन आकड्यांवरून तूच सांग.

प्रश्न : मुलगा मराठी माध्यमात नववीत आहे. विज्ञान मराठीतून शिकल्याने अकरावीत तो मागे पडेल, म्हणून आत्ताच सेमी इंग्रजीत घालावे, असे नातेवाईक म्हणतात. (एक पालक, पंचवटी)

उत्तर : नववीच्या मध्यावर माध्यम बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अकरावीत नवे शब्द शिकावे लागतात हे खरे, परंतु ते काही महिन्यांचे काम असते. न समजलेली कल्पना मात्र कोणत्याही भाषेत न समजलेलीच राहते. ‘अपवर्तन’ म्हणजे पेल्यातला चमचा पाण्याच्या पृष्ठभागापाशी वाकलेला का दिसतो हे ज्याला कळले आहे, त्याला ‘रिफ्रॅक्शन’ हा शब्द एका दिवसात येतो. त्याला वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखू द्या, पाठागणिक दहा-बारा शब्द होतात. आपल्या शाळांत कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन होतो आणि दुसऱ्याच दिवशी, १९२८ मधील रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून, राष्ट्रीय विज्ञान दिन होतो. कुसुमाग्रजांच्या गावात तरी पहिल्या दिवशी मुलांनी स्वतःच्या एखाद्या प्रयोगाविषयी मराठीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी ते वाचावे, एवढे जमायला हरकत नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगी दहावीत असून ‘शास्त्रीय कारणे द्या’ हे प्रश्न पाठ करते आणि चार दिवसांत विसरते. मी कला शाखेत बारावीपर्यंत शिकलो. मी तिला कशी मदत करावी? (एक शेतकरी)

उत्तर : आपण तिला शिकवायला जाऊ नका; तिला पहाटे बागेत न्या. थंडीच्या कडाक्यात निफाडचे किमान तापमान राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांमध्ये गणले जाते, आणि अशा रात्री मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आपण बागेत शेकोट्या पेटवता आणि पहाटे पाणी सोडता. हे आपण वर्षानुवर्षे करत आला आहात. ‘उष्णता’ या पाठाचा निम्मा भाग त्यात आहे.

तिला विचारा, की थंडीपासून वाचवायचे असताना आपण बाग ओली का करतो? मग एक साधी तापमापी हाती देऊन विहिरीच्या पाण्याचे आणि बागेतल्या हवेचे तापमान तिलाच मोजू द्या. पहाटे विहिरीतून वाफा निघताना आपण पाहिल्या असतीलच; पाणी हवेपेक्षा बरेच उबदार असल्याची ती खूण आहे. समजा, पाणी २४ अंश आणि बाग ६ अंश निघाली. एक किलो पाणी एक अंशाने निवले की एक किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एकरभर बागेत १०,००० लिटर पाणी सोडले आणि ते १८ अंशांनी निवले, तर १,८०,००० किलोकॅलरी उष्णता बागेत उतरली. वाळके लाकूड किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी देते, म्हणजे हे ४५ किलो लाकूड जाळल्यासारखे झाले, आणि शेकोटीची बरीचशी ऊब सरळ वर निघून जाते तशी ही जात नाही. हिशेब ढोबळ आहे, परंतु तो तिने स्वतः मोजलेल्या आकड्यांवर केला, की ‘पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असते’, म्हणजे एक किलो पाणी एक अंशाने तापायला जास्त उष्णता लागते, हे वाक्य पाठ करावे लागणार नाही. कोरड्या मातीची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असते. ते पाहायचे असेल तर दोन सारख्या डब्यांत समान वजनाची वाळू आणि पाणी घेऊन दोन्ही डबे दुपारी उन्हात ठेवावेत आणि संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला तापमान टिपावे.

दुसरा प्रयोग मला अधिक आवडतो, कारण त्यात बहुतेकांचा अंदाज चुकतो. बागेबाहेरच्या मोकळ्या रानात दोन पुरुष उंचीचा बांबू रोवून एक तापमापी त्याच्या टोकाशी आणि दुसरी जमिनीपासून वीतभर वर बांधा. दोन्ही तापमाप्या आदल्या दिवशी एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून सारखे वाचन देतात ना, ते पाहून घ्या. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पहाटे पाच वाजता कोणते वाचन कमी येईल, याचा अंदाज तिने आदल्या संध्याकाळी वहीत लिहावा आणि खाली तारीख घालावी. ‘उंचावर थंड असते’ हे भूगोलात शिकलेले असल्यामुळे ती बहुधा बांबूचे टोक लिहील. सकाळी जमिनीलगतचे वाचन अंश-दोन अंशांनी कमी निघेल, कारण रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे प्रारित करून झपाट्याने निवते आणि तिला लागून असलेली हवा तिच्याबरोबर निवते. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करावा. खोटा ठरलेला अंदाज खोडू मात्र देऊ नका. पाठ केलेले कारण चार दिवसांत जाते. चुकलेला अंदाज माणूस सहसा विसरत नाही.

परीक्षेची काळजी आपल्या पत्रात शब्दांआड आहेच, म्हणून सांगतो. दहावीला विज्ञानाच्या दोन भागांना प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा असते आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात. शास्त्रीय कारण लिहिताना तिने तीन गोष्टी पाहाव्यात : काय घडते, कोणत्या नियमाने घडते, आणि तो नियम येथे का लागू होतो. पाठांतर करणारी मुले तिसरी गोष्ट सोडतात आणि गुण तेथेच जातात.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेच्या नावाखाली एक कपाट आहे आणि लिटमस कागद दोन वर्षांपूर्वीच संपला. आम्ल-आम्लारी कसे शिकवावे? (एक शिक्षक)

उत्तर : हळद आणि पानाच्या दुकानातला खायचा चुना एवढ्यावर आपले दोन तास उत्तम होतील. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून तिच्यात शोषक कागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, की वर स्वच्छ निवळी येते. पट्टीवर तिचा थेंब पडताच पिवळा रंग तांबडा होतो, आणि त्याच जागी लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा. साबणाचे पाणी, पापडखाराचे पाणी, चिंचेचा कोळ, ताक, राखेची निवळी आणि विहिरीचे पाणी या सर्वांचे अंदाज मुलांनी फळ्यावर आधी लिहावेत, मग थेंब टाकावेत. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून निवळी मोठ्यांनीच काढावी आणि ड्रॉपर आपल्या हाती ठेवावा.

याच्या पुढचा भाग शिक्षकांकडून बहुधा निसटतो. चिंचेच्या कोळाने पट्टी बदलत नाही आणि विहिरीच्या पाण्यानेही बदलत नाही. मग दोन्ही एकाच जातीचे समजायचे का? मुलांना येथे अडू द्यावे. हळद आम्लारी ओळखते, परंतु आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत भेद करत नाही, हे त्यांच्याकडूनच यायला हवे. ते आले की जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्क पुढे करावा. तो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. एका दर्शकाची मर्यादा दुसऱ्या दर्शकाने भरून काढायची असते, हे लिटमसची तयार डबी हाती असती तर इतके उघड दिसले नसते. प्रयोगशाळा नसणे चांगले, असे मी म्हणत नाही. कपाटासाठी मागणीपत्र आपण दर वर्षी पाठवतच राहावे.

परंपरेने कुंकू हळदीवर आम्लारिधर्मी पदार्थाची प्रक्रिया करूनच तयार करत आले आहेत, हे मुलींना सांगितले की वर्गात एकदम हालचाल होते. याच तासाला, हळद चोळलेल्या लिंबावर चुन्याची निवळी लावलेली सुरी फिरवून ‘रक्त’ काढून दाखवावे. कोणाच्या श्रद्धेविषयी एक शब्दही बोलण्याची गरज नाही. पुढे कोणी करणी काढून देतो म्हणून लिंबू कापू लागला, तर ही मुले सुरीकडे पाहतील.

प्रश्न : माझ्या नातवाच्या सर्दीसाठी सुनेने चिरलेला कांदा रात्रभर उशाशी ठेवला. तिला व्हॉट्सॲपवर संदेश आला होता, की १९१९ च्या साथीत एका शेतकऱ्याच्या घरी खोल्याखोल्यांत कांदे ठेवल्यामुळे कोणीच आजारी पडले नाही आणि डॉक्टरांनी तो कांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात फ्लूचे विषाणू दिसले. सकाळी कांदा काळवंडला होता आणि नातवाला बरेही वाटत होते. मी निवृत्त लिपिक असून विज्ञान दहावीनंतर सुटले. यात तथ्य आहे का? (एक आजोबा, लासलगाव)

उत्तर : तथ्य नाही, आणि ते त्या संदेशातूनच उघड होते. साध्या सूक्ष्मदर्शकातून प्रकाशाच्या साहाय्याने एका मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून लहान वस्तू स्पष्ट दिसत नाहीत, आणि फ्लूचा विषाणू त्याच्याही निम्म्याने, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. शिवाय माणसातला फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा करता आला तो १९३३ मध्ये. १९१९ च्या डॉक्टरांनी तो कांद्यात ओळखला कसा? ज्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले, तिच्यावरचा उपाय कांदा असता, तर त्या काळातही तो आपल्याकडे घरोघरी होता.

काळवंडण्याचे कारण साधे आहे. चिरलेला कांदा उघडा राहिला की तो सुकतो आणि हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचा रंग बदलतो. सालीवर काळी बुरशी असेल तर तीही पसरते. साठवणीच्या चाळीत ही बुरशी आपण पोत्यांनी पाहिली असेल, आणि तेथे सर्दी झालेले कोणी निजलेले नसते. विषाणू उडत जाऊन कांद्यात शिरत नाही. तो वाढतो तो जिवंत पेशींत, तेही त्याला चालणाऱ्याच पेशींत.

राहिला नातू. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते, आणि उपाय बहुधा आजार ऐन भरात असतानाच केला जातो, त्यामुळे पाठोपाठ उतार पडतोच. कांद्याऐवजी उशाशी बटाटा ठेवला असता तरी सकाळी इतकेच बरे वाटले असते. खरोखर तपासायचे, तर सर्दी झालेल्या पुष्कळ मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतील, एका गटाच्या खोलीत कांदा ठेवावा लागेल, दुसऱ्याच्या खोलीत नाही, आणि कोण किती दिवसांत बरे झाले हे मोजणाऱ्याला कोणाकडे कांदा होता ते कळू देता कामा नये. कांद्याचा वास लपवायचा कसा, ही अडचण मलाही सोडवता आलेली नाही.

सुनेशी वाद घालू नये. तिने बाळाच्या काळजीपोटीच हे केले. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला किंवा श्वास लागला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जावे, एवढे तिला सांगावे. त्या कांद्याचे काय करू, असेही आपण शेवटी विचारले आहे. रात्रभर उघडा राहिलेला चिरलेला कांदा खाऊ नये; तो कुंडीतल्या मातीत पुरावा.